मदत हवी आहे: निधीसाठी गोधडी शिवतोय, लिलाव करावा की दुसरं काही?

निळाधागा:
नमस्कार मंडळी. प्रश्न तसा छोटा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

आम्ही सात जणी आठवड्यातून दोन दुपारी एकत्र बसून गोधड्या शिवतो. आजारी मुलांना घेऊन परगावाहून उपचारासाठी येणाऱ्या आईवडिलांना राहायला जागा देणारी एक संस्था आहे. त्यांच्या खोल्या कमी पडतात, मग माणसं दवाखान्यातल्या बाकावर रात्र काढतात. आमच्यातल्या एकीने अशा अकरा रात्री स्वतः काढल्या आहेत. त्या संस्थेसाठी पैसे उभे करायचे असं तेव्हाच ठरलं.

गेल्या वर्षी पाच महिने खपून डबल बेडची एक गोधडी पूर्ण हाताने शिवली. एका कार्यक्रमात तिचा लिलाव झाला. भाषणं लांबली, लोक उठायला लागले, आणि तेव्हा कुठे गोधडी स्टेजवर आली. धरली तीही अर्धीच उलगडून. तिघांनी बोली लावली, दोन मिनिटांत संपलं. हातात आलेली रक्कम कापड, वॅडिंग (गोधडीच्या आत घालायचा मऊ थर) आणि दोऱ्याच्या खर्चाच्या जेमतेम दीडपट. घेणाऱ्या बाईंनी मनापासून घेतली, त्यांच्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण आमच्या काकूंनी कडेचा गोट एकटीने हातशिलाईने घातला होता. घडी घालून देताना त्या एका कोपऱ्यावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिल्या, आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला अजून विसरता येत नाही.

यंदाची गोधडी बारा इंची ब्लॉकची, म्हणजे जोडून शिवलेल्या चौकोनांची आहे. सहा आडवे, सात उभे, म्हणजे ४२. पूर्ण झाली की ७२ बाय ८४ इंच भरेल. ३१ ब्लॉक झालेत. प्रत्येकात मधोमध तिरकी पांढरी पट्टी आणि दोन्ही अंगांना लाल-निळ्या चिंध्या.

आता विचारायचं ते हे. पुन्हा लिलावच करावा का? की लॉटरीची तिकिटं काढावीत? एक मैत्रीण म्हणते, मोठी गोधडी सोडा, पाऊच आणि पिशव्या शिवा, त्या पटापट खपतात. तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल तर नक्की सांगा.

काजेबटण:
तिकिटं छापण्याआधी थांबा. पैसे घेऊन सोडत काढणं अनेक देशांत जुगाराच्या कायद्याखाली येतं. उद्देश कितीही चांगला असला तरी परवाना किंवा नोंदणी लागू शकते, आणि काही ठिकाणी तर अशी सोडत चालतच नाही. संस्थेच्या हिशेबनीसांना आधी विचारा. तुमच्या एका चुकीने संस्था अडचणीत यायला नको.

लिलाव वाईट नसतो, पण बोली लावणाऱ्याला गोधडी कळावी लागते. अमेरिका आणि कॅनडात मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे लोक मदतनिधीसाठी दरवर्षी विक्री भरवतात, तिथे गोधड्यांचा लिलाव हे मोठं आकर्षण असतं. गर्दीतल्या कितीतरी जणांच्या घरी गोधड्या शिवल्या जातात, त्यामुळे टाका बघून किंमत करणारे डोळे तिथे असतात. तुमच्या कार्यक्रमात ते नव्हते. पुन्हा केलात तर गोधडी आदल्या दिवसापासून पूर्ण उलगडून टांगा, लोकांना हात लावू द्या, शेजारी किती तास लागले ते लिहून ठेवा. आणि किमान बोली आधीच जाहीर करा. ती आली नाही तर गोधडी परत घरी, त्यात कसलाच कमीपणा नाही.

चिंधीचंसोनं:
पाऊचचा अनुभव माझा. खपतात हे खरं, पण चेन लावून, अस्तर घालून, कोपरे उलटवून एकेकाला तास-दीड तास जातो. चाळीस पाऊच शिवून झाल्यावर आमच्यातल्या निम्म्या जणी यायच्या बंद झाल्या. मन त्यात रमत नाही. मोठ्या गोधडीभोवती सगळ्या बसतात, गप्पा होतात, त्या ओढीने माणसं परत येतात. गोधडीतून उरलेल्या तुकड्यांतून जेवढं होईल तेवढंच छोटं करा.

निळाधागा:
चेनबद्दल पटलंच. काजेबटण, परवान्याचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, तिकिटांचा विषय इथेच सोडला. किमान बोलीची कल्पना आवडली, पण पाहुण्यांमध्ये शिवणारी माणसं आणायची कुठून, हा प्रश्न राहतोच.

जुनीसुई:
अगं, तू स्वतःच लिहिलंयस की प्रत्येक ब्लॉकच्या मधोमध पांढरी पट्टी आहे. उत्तर त्या पट्टीत आहे. गोधडी विकू नकोस, पट्टीवरची जागा दे.

मी जुनी कापडं दुरुस्त करण्याचं काम करते, म्हणून हे जवळून पाहिलंय. अमेरिकेत १८४० च्या दशकात सह्यांच्या गोधड्यांची मोठी लाट आली. कापडावर टिकेल अशी शाई सहज मिळू लागली, हे त्याचं एक कारण. पुढे चर्चच्या किंवा मदतीच्या कामासाठी असाच पैसा गोळा होऊ लागला: थोडी रक्कम द्या, तुमचं नाव गोधडीवर येईल. पहिल्या महायुद्धात मॉडर्न प्रिसिला नावाच्या मासिकाने डिसेंबर १९१७ च्या अंकात रेड क्रॉससाठी अशा गोधडीचा आराखडा छापला. पांढऱ्या कापडावर लाल क्रॉस आणि लाल दोऱ्याने भरलेली नावं. एका गोधडीतून एक हजार डॉलर उभे राहू शकतात, असं त्यात म्हटलं होतं. गावोगावच्या बायकांनी ते मनावर घेतलं. नावांचे पैसे आधीच जमलेले असायचे, गोधडी लिलावात जायची ती त्यानंतर.

तुझा हिशेब कर. एका पट्टीवर चार नावं धरली तरी ४२ ब्लॉकवर १६८ नावं बसतात. गेल्या वर्षी अख्खा निधी एकाच बाईच्या पर्समधून आला. यंदा तो १६८ घरांतून येईल, आणि कुणालाही जड जाणार नाही.

आता शाईचं नीट ऐक. जुन्या गोधड्यांवर लोहयुक्त शाई असायची. ती कालांतराने कापड खाते. माझ्यासमोर एक तुकडा आला होता, त्यातल्या नावाची अक्षरं पूर्ण गळून गेली होती. नावाच्या आकाराची भोकं तेवढी शिल्लक, पलीकडचा कापूस दिसत होता. त्या माणसाने पैसे देऊन नाव लिहवलं होतं, आणि नेमकं नावच नाहीसं झालं. तेव्हा बॉलपेन, जेलपेन, दौतीची शाई, काही नको. कापडावर चालणारं पिगमेंट शाईचं पेन घे, टोक ०.५ मिलिमीटरच्या आसपास. आधी एका तुकड्यावर लिही, इस्त्री कर, दोनदा धू, आणि मगच गोधडीला हात लाव.

पट्टीखाली बारीक सँडपेपर ठेवलास तर कापड सरकत नाही, अक्षर थरथरत नाही. पेन दाबायचं नाही, हलक्या हाताने हळू ओढायचं, नाहीतर शाई धाग्यात पसरते. एक दिवस वाळू दे, मग उलट्या बाजूने कोरडी इस्त्री, वाफ नको. आणि कडेपासून अर्धा इंच मोकळा सोड. शिवणीत पाव इंच जातो, एखाद्याचं आडनाव त्यात गाडलं गेलं तर काय सांगणार त्याला?

निळाधागा:
ताई, वाचता वाचता उठून ब्लॉक काढले आणि पट्ट्या मोजल्या. तिरक्या असल्याने टोकांना निमुळत्या होतात, पण मधल्या भागात चार नावं बसतात, पाचही बसतील. मंगळवारी सगळ्यांना वाचून दाखवलं. काकूंनी लगेच विचारलं, "आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं?" हे मलाही हवं आहे. त्या खोल्यांत राहून गेलेल्या आयांनीही नाव लिहावं असं आमच्या मनात आहे, त्यांच्याकडून पैसे न घेता.

अजून एक भीती आहे. लाल कापड आम्ही आधी धुतलं नव्हतं.

जुनीसुई:
लिहिता येत नसेल तिने पेन्सिलीने एक रेघ, एक फूल, काहीही काढावं. तुमच्यापैकी कुणी त्यावर दोऱ्याने टाके घाला. काकूंचा हात चांगला आहे म्हणालीस ना, हे काम त्यांनाच दे.

लाल रंगाचं गंभीर आहे. उरलेल्या ११ ब्लॉकांचं कापड आजच धुऊन घे. झालेल्या ब्लॉकांसाठी, त्याच लाल कापडाचा तुकडा पांढऱ्यावर ओला करून ठेवून बघ, रंग सुटतो का ते आधी कळेल. पुढे कधी पूर्ण गोधडी धुताना पांढऱ्यावर लाली उतरलीच, तर तिला वाळू द्यायचं नाही आणि इस्त्री तर मुळीच नाही. एकदा उष्णतेने डाग बसला की निघणं कठीण. कापड सुती असेल तर मोठ्या टबात भरपूर गरम पाणी आणि भांडी घासायचा द्रव साबण घालून बारा तास पूर्ण बुडवून ठेव. सुटलेला रंग पाण्यातच राहतो, परत कापडावर बसत नाही. पाणी लाल झालं तर बदलून पुन्हा भिजव. आणि पेनाची चाचणीही याच साबणाने, याच गरम पाण्यात करून घे.

काजेबटण:
नावांची कल्पना फार चांगली. एक व्यवहारातली गोष्ट: पैसे तुमच्या हाती न घेता थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या आणि पावतीही संस्थेनेच द्यावी. एका वहीत नाव जसं हवं तसं देणाऱ्याकडूनच लिहून घ्या. ऱ्हस्व-दीर्घावरून माणसं दुखावतात आणि कापडावर खोडता येत नाही.

निळाधागा:
वही आजच केली. पण नावं भरल्यावर गोधडीचं काय करायचं? विकावीशी वाटत नाही आता.

चिंधीचंसोनं:
विकू नका. एड्सची स्मृतिगोधडी आठवते का? १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्लीव्ह जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केली. गेलेल्या माणसाच्या नावाचा एकेक तुकडा, तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका थडग्याएवढा. त्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर १,९२० तुकडे अंथरले होते. १९८८ मध्ये ती २० शहरांत फिरवली, आणि त्या दौऱ्यातून रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांकरता जवळजवळ पाच लाख डॉलर जमले. गोधडी कुणी विकत घेतली नाही. लोक बघायला आले, नावं वाचली आणि देऊन गेले.

तुमची गोधडी त्या संस्थेच्या भिंतीवर लावा. मागच्या वरच्या कडेला चार इंची कापडाची नळी शिवून त्यात दांडी घाला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडेल. खिळ्यांवर टांगलीत तर कोपरे ताणून फाटतील. थेट उन्हात नको. आणि वर्षातून दोन-चार वेळा इतरत्र न्या. जिथे लागेल तिथे शेजारी एक दानपेटी आणि पुढच्या गोधडीसाठी वही ठेवा.

निळाधागा:
ठरलं. संस्थेने भिंत दाखवली, जिन्याजवळची, ऊन येत नाही. आम्ही गोधडीच देऊन टाकू अशी त्यांना अपेक्षाच नव्हती.

लाल कापडाची चाचणी केली. तीन लालांपैकी एक सुटला. त्या कापडाचे नऊ ब्लॉक उसवून तेवढ्याच लाल चिंध्या बदलतोय, दोन दुपारी गेल्या आणि अजून दोन जातील. पेनाचा तुकडा तीनदा धुतला, अक्षर जसंच्या तसं आहे. नावं आजपर्यंत ५७ आली.

पहिलं नाव त्या अकरा रात्रींवालीने लिहिलं. तिने स्वतःचं नाही लिहिलं, शेजारच्या बाकावर झोपणाऱ्या एका बाईचं लिहिलं. आडनाव तिला कधी कळलंच नव्हतं, म्हणून नुसतं पहिलं नाव आणि पुढे थोडी जागा मोकळी ठेवली आहे.

जुनीसुई ताई, एकच शेवटचं विचारते. ती मोकळी जागा पुढे कधी भरायची झाली, गोधडी शिवून अस्तर लागल्यानंतर, तर त्याच पेनाने लिहिता येईल का? तेव्हा खाली सँडपेपर घालता येणार नाही.

जुनीसुई:
येईल. पट्टी दोन बोटांनी ताणून धर, म्हणजे वॅडिंगवर कापड दबणार नाही, आणि एका वेळी एकच अक्षर लिही. इस्त्री वरूनच करावी लागेल, तेव्हा मध्ये पांढरं सुती कापड ठेव. त्या जागेजवळून क्विल्टिंगचा, म्हणजे सगळे थर एकत्र धरणारा टाका मात्र नेऊ नकोस, ती सपाट राहू दे.