आरोग्यविमा सुधारणा आणि जनमत चाचण्या : मत लोकांचं की प्रश्नाचं?

पाणवठा :
सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सीएनबीसी या वृत्तवाहिनीने चाचणी घेतली. काही जणांना 'ओबामाकेअर'बद्दल मत विचारलं, बाकीच्यांना 'अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट'बद्दल. पहिल्या नावाला ४६ टक्क्यांचा विरोध, दुसऱ्याला ३७. कायदा एकच, २०१० साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केलेला आरोग्यविम्याचा. मग 'जनता सुधारणेच्या विरोधात' हा मथळा नक्की कशाबद्दल होता? माझं स्पष्ट मत आहे की माध्यमं आधी शब्द पेरतात आणि नंतर चाचणीत तेच पीक मोजून आणतात.

सडेतोड :
साफ असहमत. त्याच चाचणीचा अर्धा भाग तुम्ही गाळलात. 'ओबामाकेअर'ला पाठिंबाही जास्त होता, २९ टक्के. दुसऱ्या नावाला २२. आणि ते दुसरं नाव म्हणजे काय हेच माहीत नसणारे ३० टक्के होते. नाव ओळखीचं झालं की लोक दोन्ही बाजूंना सरकतात. यात पढवणं कुठे आलं?

शिवाय राग हवेतून आला नव्हता. 'तुमची विमा योजना आवडत असेल तर तीच ठेवा' असं ओबामा वारंवार सांगत होते, आणि २०१३ च्या अखेरीस लाखो लोकांच्या हातात पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं पडली. त्या माणसाला टीव्हीने वेगळं काय शिकवायचं?

पाणवठा :
आकडे पूर्ण द्यायला हवे होते, चूक मान्य. पत्रांचंही मान्य. पण २००९ चा ऑगस्ट आठवा. विधेयकाच्या मसुद्यात कलम १२३३ होतं : शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, यावर वृद्धांना डॉक्टरशी बोलायचं असेल तर त्या भेटीचे पैसे मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, देणार. सक्ती कसलीच नाही. त्याच महिन्यात ओबामांच्या विरोधातल्या रिपब्लिकन पक्षाच्या नेत्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर 'डेथ पॅनेल' हे शब्द लिहिले, म्हणजे कोणाला उपचार मिळावेत हे ठरवणारी सरकारी समिती. वाहिन्यांनी ते खोडून काढले, पण खोडतानाही दिवसरात्र तेच दोन शब्द कानांवर आदळत राहिले. अंतिम कायद्यात ते कलम आलंच नाही. तशाच भेटीचे पैसे मेडिकेअर २०१६ पासून देऊ लागलं. मधल्या वर्षांत किती घरांत ते बोलणं राहून गेलं असेल, याचं मला फार वाईट वाटतं.

मधली सुट्टी :
मी तिकडे काही काळ फोनवरून अशा चाचण्या घेतल्या आहेत. प्रश्न शब्दशः वाचायचा हा नियम. समोरच्याने 'म्हणजे नक्की काय?' विचारलं तरी समजावायचं नाही, तोच प्रश्न पुन्हा वाचायचा. एकदा एका आजींना आरोग्य कायद्याबद्दल विचारलं. त्या बराच वेळ गप्प. मागे टीव्हीवर चर्चा चालू होती, मला फोनवर ऐकू येत होती. मग म्हणाल्या, 'विरोध.' मी खूण केली. फोन ठेवता ठेवता सांगू लागल्या की नातू २६ वर्षांचा होईपर्यंत आईबापांच्या विम्यात राहू शकतो, हे फार बरं झालं. ती सोय त्याच कायद्याने दिलेली. पण ते लिहायला माझ्याकडे रकाना नव्हता, आणि त्यांना ते सांगायची परवानगीही नव्हती.

सडेतोड :
प्रसंग चटका लावणारा आहे. पण पुढचं बघा. २०१७ मध्ये रिपब्लिकन पक्षाने कायदा मोडीत काढायला घेतला. २८ जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाच्या मॅकेन यांनी अंगठा खाली करून विरोधात मत दिलं आणि प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ असा पडला. त्या वर्षापासून आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या कैसर फॅमिली फाउंडेशनच्या चाचण्यांत कायद्याच्या बाजूचे लोक विरोधकांपेक्षा जास्त दिसतात. वाहिन्या त्याच होत्या. हातातलं जाणार हे कळल्यावर तुमच्या आजींसारख्यांनी आपला हिशेब आपणच केला.

पाणवठा :
केला, पण सात वर्षांनी, कायदा जायची वेळ आल्यावर. आणि कैसरचीच जानेवारी २०१९ ची चाचणी घ्या. 'सर्वांसाठी मेडिकेअर', म्हणजे सगळ्यांना एकच सरकारी विमा, या कल्पनेला ५६ टक्के पाठिंबा. 'विमा हा हक्क होईल' म्हटलं की ७१. 'बहुतेकांचे कर वाढतील' म्हटलं की ३७. कैसरने तिन्ही आकडे दिले, हे त्यांचं प्रामाणिकपण. मथळा करणारा मात्र एकच उचलतो. आकड्याखाली प्रश्नाचे शब्द जसेच्या तसे छापा, एवढीच माझी मागणी आहे.

सडेतोड :
ही मागणी मलाही मान्य. फक्त ३७ ला खोटा आकडा म्हणू नका. कर वाढणार असतील तर ते सांगूनच मत विचारायला हवं.