शस्त्रक्रियेनंतर पीएसए आधी ‘०.१ पेक्षा कमी’, आता ‘०.०३’: आजार परतला असे समजावे का?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. नोव्हेंबरमध्ये कर्करोगामुळे त्यांची प्रोस्टेट ग्रंथी पूर्णपणे काढली. सात आठवड्यांनी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींत तयार होणारे प्रथिन) तपासला तेव्हा रिपोर्टवर ‘०.१ पेक्षा कमी’ असे लिहिले होते आणि सर्जनसाहेबांनी समाधान व्यक्त केले. या वेळी एप्रिलच्या उन्हात त्यांना बाहेर काढायला नको, म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्या दुसऱ्या लॅबला बोलावले, तर ‘०.०३’ असा आकडा आला. बाबांचे म्हणणे असे की, मागच्या वेळी नेमका आकडा नव्हता, आता आला, म्हणजे आत काहीतरी पुन्हा सुरू झाले आहे. दोन्ही रिपोर्ट त्यांनी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवले आहेत आणि दिवसातून कितीदा तरी ते उघडून त्या ओळीवरून बोट फिरवतात. याउलट, रिपोर्टच्या उजवीकडे ‘० ते ४’ अशी मर्यादा छापलेली पाहून काका म्हणतात, चारपर्यंत चिंता नाही. डॉक्टरांची भेट बारा दिवसांनी आहे. तोपर्यंत काय समजावे?

उत्तर: निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, महाल

‘०.१ पेक्षा कमी’ याचा अर्थ शून्य असा होत नाही. त्या लॅबची पद्धत ०.१ च्या खालचे नेमके मोजमाप देत नाही, एवढेच त्यातून कळते. दुसऱ्या लॅबची पद्धत अतिसंवेदनशील असल्यामुळे तिने खालचा आकडाही छापला. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्या तोलणाऱ्या काट्यावर अंगठी ठेवली तर काटा हलणार नाही, आणि तीच अंगठी इतवारीतल्या सराफाच्या काट्यावर ठेवली तर मिलिग्रॅमपर्यंत वजन दिसेल. अंगठी मात्र तीच. आपल्या वडिलांचे दोन्ही रिपोर्ट एकमेकांशी जुळतात, कारण ०.०३ हा आकडा ०.१ पेक्षा कमीच आहे.

एकाच रक्ताचा आकडा दोन कंपन्यांच्या यंत्रांवर थोडा वेगळा येऊ शकतो, आणि इतक्या खालच्या पातळीवर एकाच यंत्रावरही ०.०२ चे ०.०३ होणे ही मोजमापातली चढउतार असू शकते. म्हणून यापुढे लॅब बदलू नका. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा, कारण काही यंत्रांच्या मोजणीत त्यांचा अडथळा येतो.

उत्तर: एका रुग्णाची मुलगी, खामला

आपल्या काकांच्या बोलण्यावर कृपया विसंबू नका, असे मी अगदी कळकळीने सांगते. ‘० ते ४’ ही मर्यादा ज्यांची प्रोस्टेट ग्रंथी शाबूत आहे अशा पुरुषांसाठी छापलेली असते; शस्त्रक्रिया झाली आहे हे लॅबच्या संगणकाला ठाऊक नसते. माझ्या बाबांचा पीएसए ०.१, मग ०.३, मग ०.८ असा चढत गेला आणि प्रत्येक रिपोर्टवर त्यापुढे ‘सामान्य’ असेच छापून आले. आम्ही ते वाचून निश्चिंत राहिलो, डॉक्टरांकडे गेलोच नाही, आणि वर्षभर हातचे गेले. नंतर रेडिएशन सुरू झाले तेव्हा कर्करोगतज्ज्ञ म्हणाले की पीएसए ०.५ च्या आत असतानाच उपचार सुरू झाले असते तर अधिक बरे झाले असते. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

उत्तर: एमडी डॉक्टर, मेडिकल चौक परिसर

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींत तयार होणारे प्रथिन असून ग्रंथी काढल्यावर रक्तातले त्याचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी निम्मे होत जाते. म्हणूनच पहिली तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. त्या वेळीच तो ०.१ च्या खाली गेला नसता, तर गोष्ट वेगळी होती. शस्त्रक्रियेनंतर पीएसए ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर किंवा अधिक झाला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर आजार परतल्याची शंका धरण्याची सर्वमान्य पद्धत आहे. एका सुट्या आकड्यापेक्षा चढ किती वेगाने होतो आणि आकडा किती महिन्यांत दुप्पट होतो, हे अधिक बोलके असते. त्यासोबत काढलेल्या ग्रंथीच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमधला ग्लीसन गुणांक (कर्करोगाच्या पेशी किती आक्रमक दिसतात ते), कापलेल्या कडा (त्यांवर कर्करोगाच्या पेशी आहेत का) आणि लसिकाग्रंथींची स्थिती पाहावी लागते.

पूर्वी जोखीम जास्त असलेल्या अनेकांना शस्त्रक्रियेनंतर लगेच रेडिएशन सुचवले जात असे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅडिकल्स, रेव्हज आणि गेटुग-१७ या तीन अभ्यासांतून असे दिसले की पीएसएवर नियमित लक्ष ठेवून तो चढू लागताच रेडिएशन दिले, तरी आजारावर जवळपास तसेच नियंत्रण मिळते आणि अनेकांचे रेडिएशन टळते. मात्र ही सवलत तपासणी वेळेवर करणाऱ्यालाच मिळते, आणि म्हणूनच पहिली काही वर्षे साधारण तीन ते सहा महिन्यांनी रक्त द्यावे लागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट शोधून पाहिला. कडा स्वच्छ आहेत असे त्यात लिहिले आहे. डॉक्टरांच्या भेटीला तो आणि दोन्ही पीएसए रिपोर्ट घेऊन जाऊ. पुढच्या वेळी सकाळी सातलाच, ऊन चढण्याआधी, धंतोलीतल्या पहिल्याच लॅबमध्ये जाण्याचे ठरले आहे. कळमन्याच्या काट्याचे उदाहरण बाबांना वाचून दाखवले; त्यांनी ते दोनदा वाचायला लावले.