मासेमारीच्या पेन सिनेटर ११३ रिळाला कोणता ड्रॅग स्टार (लाइनचा ब्रेक आवळायचं चांदणीच्या आकाराचं चाक) घालू?

जुनी_गरारी: पेन कंपनीचं सिनेटर ११३ (४/० आकाराचं) आहे, बऱ्यापैकी जुनं रीळ. स्टारच्या एका पाकळीचं टोक तुटलंय, क्रोम सुटतोय आणि खालून हिरवट पितळ डोकावतंय. वर स्टार गच्च आवळला तरी हाताने ओढल्यावर लाइन सुटतेच. लाल ॲल्युमिनियमचा लांब पाकळ्यांचा स्टार बघून ठेवलाय. ‘सगळ्या जुन्या पेनला बसतो’ असं लिहिलंय. घेऊ का?

दर्यावर: घ्या बिनधास्त. ओल्या हातालाही सापडतो, दिसतोही झकास.

तेलकट_बोटं: जरा दमानं. तुटकी पाकळी हा स्टारचा दोष, पण लाइन सुटते तो बहुतेक त्याचा नाही. स्टार म्हणजे शेवटी एक नट. स्लीव्हच्या (हँडल बसतं त्या नळीच्या) आट्यांवरून आत सरकतो आणि मुख्य गिअरमधली वॉशरची चवड दाबतो. जुने फायबर वॉशर झिजले की चवड बसते आणि पुरता दाब यायच्या आतच स्टार रिळाच्या बाजूच्या प्लेटला टेकतो. मग सोन्याचा घातलात तरी लाइन सुटणारच! पूर्ण आवळून स्टार आणि प्लेटच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवा. गेलीच नाही तर आधी वॉशर बदला, मग स्टारचं बघू. नवे कार्बनचे वॉशर जाड निघाले तर स्टार बाहेर येतो आणि लांब पाकळ्या हँडलला घासतात.

‘सगळ्यांना बसतो’ यावर तर अजिबात जाऊ नका. पेनच्या सुट्या भागाच्या क्रमांकात डॅशच्या आधी भागाचा नंबर असतो (स्टारचा १०) आणि नंतर मॉडेलचा. रिळाच्या भागांच्या जुन्या आकृतीवरून जुळवून घ्या. नवा स्टार दोन फेरे सहज जाऊन अडला तर आटे वेगळे आहेत. पाना लावून रेटाल तर स्लीव्ह जाईल, आणि ती बदलायची म्हणजे रीळ पूर्ण उघडायचं.

ॲल्युमिनियम मी खाऱ्या पाण्यात वापरत नाही. पितळी किंवा स्टीलच्या स्लीव्हवर मीठ लागलं की ॲल्युमिनियमच आधी खाल्लं जातं. आट्यांत पांढरी भुकटी भरते आणि स्टार जाम. क्रोम केलेलं पितळ घ्या. स्टील टिकतं, पण स्लीव्ह पितळेची असेल तर झीज तिच्या माथी.

जुनी_गरारी: पट्टी गेलीच नाही! उघडलं तर वॉशर काचेसारखे गुळगुळीत, एकाला तडा. स्लीव्हचे आटे ठणठणीत. पण लांब पाकळ्यांनी जोर जास्त मिळेल ना?

तेलकट_बोटं: जोर हवाय कुणाला? ड्रॅग स्प्रिंगकाट्यावर लावायचा, लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. ३० पौंडी लाइनला साडेसात ते दहा पौंड. मासा लागल्यावर स्टारशी खेळत बसलं की लाइन तुटते. लांब पाकळीत ढिली लाइन अडकते ते वेगळंच.

खारा_वारा: जुना स्टार फेकू नका मात्र. असल्याच आतल्या ड्रॅगच्या रिळावर, ज्युलियस व्हॉम होफने बनवलेल्या, विल्यम बॉशेनने १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटाजवळ ३५८ पौंडांचा तलवारमासा काढला. त्याआधी स्पूलवर चामड्याचा तुकडा अंगठ्याने दाबायचा आणि उलटं फिरणारं हँडल बोटं फोडायचं.

तेलकट_बोटं: तुटकं टोक कानसेने गोल करा, नवा येईपर्यंत तोच चालेल. जोडताना हँडलच्या नटाचा बारका लॉक स्क्रू विसरू नका.