बरोबरीचा हत्ती-डाव एका शहाने घालवला. चुका अभ्यासाव्यात कशा?

धंतोलीचा घोडा :
गेल्या रविवारी नागपुरातील एका खुल्या स्पर्धेत, शेवटच्या फेरीत, काळ्या मोहऱ्यांनी खेळताना मी सहज बरोबरीत सुटणारा डाव हरलो. समोर सातवी-आठवीतला मुलगा होता, याचे दुःख वेगळे. पटावर (अक्षर म्हणजे उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी ओळ) पांढऱ्याचा राजा ई५, प्यादे ई६ आणि हत्ती एच७ येथे, तर माझा राजा ई८ आणि हत्ती बी६ येथे होता. खेळी माझी होती. मी हत्ती बी५ वर नेऊन शह दिला, त्याचा राजा एफ६ वर गेला आणि मग त्याच्या हत्तीची एच८ वरची मात टाळायला गेलो तरी डाव काही वाचेना. घरी संगणकाने हत्ती बी१ वर न्यायला हवा होता असे क्षणात दाखवले, पण का, ते दाखवले नाही. गेली तीन वर्षे मी प्रत्येक डाव वहीत उतरवून चुकांखाली लाल रेघ ओढतो, तरीही त्याच जातीच्या चुका परत होतात. अभ्यासाची पद्धतच चुकते आहे का?

किल्लेकोट :
आपली स्थिती १८व्या शतकातील फ्रेंच खेळाडू आणि संगीतकार फिलिडोर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बचावातून आलेली आहे. प्यादे पाचव्या ओळीत असेपर्यंत बचाव करणाऱ्याचा हत्ती सहाव्या ओळीत राहून पांढऱ्याच्या राजाला पुढे येऊ देत नाही. प्यादे सहाव्या ओळीत शिरले की हत्तीने तडक पहिल्या ओळीत जाऊन मागून शह द्यायचे असतात, कारण आता त्या राजाला प्याद्यापुढे लपायला जागा उरलेली नसते. राजा एफ६ वर आल्यानंतर आपला हत्ती काय करू शकत होता ते पाहा. बी६ वरून शह द्यावा तर ई६ चे प्यादेच आडवे येते, आणि एफ५ वरून द्यावा तर राजा शेजारीच असल्याने हत्ती फुकट जातो. तोच हत्ती बी१ वर असता, तर एफ१ वरून निर्धास्तपणे शह देता आला असता.

रामदासपेठ :
वरील खुलासा अचूक आहे, परंतु माझ्या मते विचारण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे : ती खेळी करताना घड्याळात किती वेळ शिल्लक होता? प्रत्येक खेळीपुढे उरलेली मिनिटे लिहावीत. आपल्याच गावच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, त्या अंतिम सामन्यातील दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटून निकाल जलद डावांत लागला. तेथे वेळ खरोखरच अपुरा असतो. रविवारच्या स्पर्धांत आपण बहुधा वेळ असूनही घाई करतो.

जुना उंट :
लाल रेघेने कोणी सुधारत नाही, हे शाळेपासून ठाऊक असलेले सत्य आहे. संगणक उघडण्यापूर्वी, त्या खेळीच्या वेळी मनात नेमके काय होते ते एका वाक्यात लिहा, मग ते कितीही लाजिरवाणे असो. माजी जगज्जेते बोट्विनिक तर आपल्या डावांचे विश्लेषण छापावे असे सांगत, म्हणजे त्यातील खोट दुसरे कोणीतरी दाखवते. आपण येथे स्थिती मांडलीत, तेव्हा अर्धे काम झालेलेच आहे.

धंतोलीचा घोडा :
सर्वांचे आभार. घड्याळात चौदा मिनिटे होती आणि मी दहा सेकंदही घेतले नव्हते. मनातले वाक्य लिहायचे तर ते असे : ‘शह मिळतो आहे, देऊन टाकू.’ काल रात्री वहीतील मागचे वीस पराभव याच नजरेने पाहिले, तेव्हा त्यांपैकी सात डावांत निर्णायक चूक म्हणजे असाच एखादा निरर्थक शह निघाला. आणि मी मात्र इतके दिवस सुरुवातीच्या खेळ्या पाठ करत बसलो होतो. आता ही स्थिती भाच्याबरोबर घड्याळ लावून खेळतो आहे. एक शंका उरते : प्यादे ई ऐवजी एफ स्तंभात असते, तरी हाच बचाव चालतो का?

किल्लेकोट :
चालतो, स्तंभ कोणताही असो. आपला राजा मात्र प्याद्याच्या वाटेत उभा असला पाहिजे.