'नल'साठी 'निरंक' चालेल का?

प्रश्न : आर या प्रोग्रामिंग भाषेतली फंक्शन्स पायथनमधून कशी वापरावीत यावर मराठीत टिपणं लिहिते आहे. आरपीवाय२ (rpy2) ही दोन्ही भाषांना जोडणारी लायब्ररी आरचा 'नल' (NULL, म्हणजे 'काहीच नाही') पायथनच्या 'नन'मध्ये (None, तिथला 'काहीच नाही') बदलत नाही, त्यासाठी वेगळा ऑब्जेक्ट ठेवते. हे समजावताना 'नल'ला काय म्हणावं? काही जण 'शून्य' लिहितात. 'निरंक' कसा वाटतो?

उत्तर : 'शून्य' अजिबात नको, ती एक किंमत आहे. जावातून डेटाबेस वाचताना रकान्यात नल असला तर 'गेटइंट' हे पूर्णांक वाचणारं फंक्शन ० परत देतं, कारण जावाच्या 'इंट' या पूर्णांक प्रकाराला 'काहीच नाही' असं सांगताच येत नाही. लगेच 'वॉजनल' (आत्ता वाचलेलं नल होतं का?) विचारावं लागतं. ते राहिलं, की ज्या बाळाचं वजन नोंदवलेलंच नाही त्याच्यापुढे ० किलो छापलं जातं.

उत्तर : 'निरंक' छान आहे, पण सरसकट नको. कार्यालयातून निरंक अहवाल जातो तेव्हा माहिती पाहिलेली असते आणि कळवण्याजोगं काही नाही हे ठाऊक असतं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतला 'नल' तेवढी खात्री देत नाही. तिथे नलची नलशीच तुलना केली तरी 'खरं' असं उत्तर येत नाही. त्याला 'अज्ञात' जवळचा.

आरमध्ये तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १, नल आणि २ जोडून व्हेक्टर (मूल्यांची यादी) केला तर लांबी २ भरते. नलऐवजी एनए (NA, म्हणजे नसलेली किंमत) घातला तर ३. एनए आपली जागा धरून ठेवतो. म्हणून आरच्या 'नल'ला 'निरंक' आणि 'एनए'ला 'अनुपलब्ध' म्हणावं. दोघांचाही 'नन' केला तर हा फरक पायथनपर्यंत पोहोचणारच नाही.

उत्तर : लुआ या प्रोग्रामिंग भाषेचंही पाहा. टेबलमधल्या कीला (मूल्य ज्या नावाखाली ठेवतात त्या नावाला) 'निल', म्हणजे लुआचा 'काहीच नाही', दिला की ती कीच जाते. जेसन या माहिती देवाणघेवाणीच्या फॉरमॅटमधली नल असलेली की टिकावी म्हणून तिथे सीजेसन लायब्ररीतलं 'सीजेसन.नल' हे खास मूल्य वापरतात. पण 'इफ'मध्ये (अट तपासताना) 'निल' असत्य ठरतो आणि 'सीजेसन.नल' सत्य! दोघांना एकच मराठी शब्द दिला तर वाचणारा नक्की फसेल.

प्रश्नकर्ती : पटलं. कोडमधली नावं तशीच ठेवते, आरपुरते 'निरंक' आणि 'अनुपलब्ध' घेते. 'रिक्त' मात्र रिकाम्या स्ट्रिंगसाठी राखून ठेवते. ओरॅकल हा डेटाबेस रिकाम्या स्ट्रिंगलाही नलच मानतो, तेव्हा तिथे वेगळी टीप द्यावी लागेल.