मर लागल्यावर आळवणी करून काय होणार?

एका शेतकऱ्यानं विचारलंय की टोमॅटोला मर (झाड वाळवणारा रोग) लागल्यावर ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची आळवणी केली, म्हणजे तिचं पाणी मुळाशी ओतलं, तरी झाडं वाळतच गेली. वाळणारच! रोगाची बुरशी मुळांतून शिरून खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसली की ट्रायकोडर्मा तिथं पोचत नाही. त्याचं काम लागवडीआधीचं.

पण आधी मर कुठली ते बघा. बुंध्याजवळ खोड उभं चिरा. सालीखाली तपकिरी रेघा आणि खालची पानं आधी पिवळी, बऱ्याचदा एकाच बाजूची, तर फ्युजॅरियम, म्हणजे बुरशीची मर. झाड हिरवंगार असतानाच माना टाकत असेल तर खोडाचा ताजा तुकडा ग्लासातल्या पाण्यात धरा. दुधट धागे सुटले तर ती जिवाणूजन्य मर, तिचं गणित वेगळं.

फ्युजॅरियमसाठी १०० किलो कुजलेल्या शेणखतात १-२ किलो ट्रायकोडर्मा मिसळा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली आठ-पंधरा दिवस ठेवा, अधूनमधून वरखाली करा, मग सरीत टाका. सोबत निंबोळी पेंड द्याच. ती सूत्रकृमींना (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी) आवरते; त्यांनी केलेल्या जखमांतून ही रोगाची बुरशी सहज घुसते. आणि कृपा करून ड्रिपमधून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक सोडू नका, ट्रायकोडर्माही मरतो (दुकानदार दोन्ही एकदम देतात!). जुन्या प्लॉटवर मात्र रोगप्रतिकारक वाणच लावा, बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात.