मदत हवी आहे : आजोबांच्या फ्रीमेसन लॉजचा शोध

आजोबांच्या ट्रंकेत, धोतरांच्या घड्यांखाली, फ्रीमेसन या बंधुसंघटनेचे सभासद समारंभात बांधतात तसा पांढऱ्या कातड्याचा एक एप्रन सापडला. त्याला फिकट निळी किनार असून तीन निळी फुले शिवलेली आहेत, म्हणजे आजोबा संघटनेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत, ‘मास्टर मेसन’पर्यंत, पोहोचले असावेत. मुंबईत १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज, म्हणजे संघटनेची स्थानिक शाखा, निघाले आणि माणेकजी कर्सेटजींसारख्या भारतीयांना त्यात प्रवेश मिळाला, हे मी वाचले आहे; आजोबांचे लॉज कोणते, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नाही. १९६१ साली ग्रँड लॉज ऑफ इंडिया या भारतातील लॉजांच्या मध्यवर्ती संस्थेची स्थापना झाली, त्यापूर्वीच्या सभासदांच्या नोंदी कोठे पाहाव्यात आणि वंशजांना त्या दाखवतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. कातडे घडीवर तडकू लागले आहे. ते कसे जपावे, हेही कळले तर फार बरे होईल.